जेवणानंतर सांगायची बातमी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय राजेश्वरीताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती संयोगिताताई, त्यांच्या मातोश्री मनुबाई, कुंडलहून आणि शिराळ्याहून मलकापूरला आलेले पाहुणे, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे पत्रकार बंधू,

पत्रिकेत ‘प्रथम भोजन, नंतर सत्कार’ असं छापल्यापासून मला फोन येत आहेत. लोक आवाज खाली आणून विचारतात, “उदयसिंह, कोण गेलं रं?”

कुणीही गेलेलं नाही. निर्धास्त असा.

पण हा प्रश्न का पडावा, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायला हवं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. तार यायची त्या काळापासून एक रीत आहे. वाईट बातमी दारात उभं राहून सांगायची नाही. आधी शेजारची जाणती बाई आत जाते, चूल पेटवते, त्या माउलीला दोन घास खायला लावते आणि मगच तोंड उघडते. कारण त्यानंतर त्या घरात चूल पेटणार नसते, आणि तिच्या घशाखाली काही उतरणार नसतं. रीत करुणेची आहे, पण तिच्यामुळे आमच्याकडे कुणी अवेळी ‘जेवून घ्या’ म्हटलं, तरी माणूस आधी विचारतो, कोण गेलं?

आमच्या सत्कारमूर्तींनी हा प्रयोग स्वतःच्या आईवर केलेला आहे. त्या वेळी ताई आणि मी सांगलीला रेडिओवर हंगामी निवेदक होतो. संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला तेव्हा तेवढंच जमण्यासारखं होतं. ताईंना लंडनच्या रेडिओवर नोकरी लागली. आनंदाची बातमी सावकाश सांगावी म्हणून त्या घरी जाऊन म्हणाल्या, “आई, आदी जेवून घे, मग सांगते.”

मनुबाईंच्या हातातली परात खाली पडली. “माझा मानसिंग!” म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं सगळी आळी गोळा झाली. मानसिंगराव तेव्हा सीमेवर होते.

ताई ओरडतायत, “आगं, दादा बरा हाय! मला लंडनला नोकरी लागली!”

मनुबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मग तसं सांगावं की गं, भवाने! जेवायला कशाला घालतीस?”

ते मानसिंगराव आज पहिल्या रांगेत आहेत आणि तिसरी जिलेबी त्यांनी नुकतीच संपवली, हे मी स्वतः पाहिलं.

पुढे ताई लंडनला दहा वर्षं राहिल्या, नंतर बोस्टनला गेल्या. सकाळचा त्यांचा कार्यक्रम अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ऐकला जायचा. इंग्रज म्हणत, बाई अमेरिकन बोलतात. अमेरिकन म्हणत, बाई इंग्रज वाटतात. आपल्या गावी, कुंडलमध्ये आल्या की लोक म्हणत, “पुण्याचं वारं लागलंय जणू.” कुठल्याच तीरानं त्यांना पूर्ण आपलं मानलं नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

आता जे सांगणार आहे, ते ताईंनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरची गोष्ट आहे, त्यांना मात्र विचारूनच मी बोलतो आहे.

मी तेव्हा शिराळ्याचा वार्ताहर होतो. म्हणजे नागपंचमीच्या आठवड्यात महत्त्वाचा माणूस आणि एरवी चहाचं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी ताईंचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळ होती. बोस्टनजवळच्या एका गोदामाला आग लागली होती. मृतांपैकी एकाचं नाव इतर कोणाच्याही आधी ताईंच्या हाती आलं होतं. आपल्या शिराळ्याचा अमृत. घरी त्याची आई विजयमालाबाई, एकट्या.

ताईंनी मला एवढंच विचारलं, “उदय, त्यांच्याजवळ कोण आहे?”

“कुणी नाही. शेजारी हरणाबाई तेवढ्या आहेत.”

“मग हरणाबाईंना घेऊन जा. त्या माउलीनं दोन घास खाल्ल्याशिवाय आणि तिला कळल्याशिवाय मी नाव वाचणार नाही.”

आमच्या व्यवसायात पहिल्यांदा हाती आलेलं नाव म्हणजे काय, हे पंख्याखालच्या मंडळींना माहीत आहे. त्यासाठी लोक आयुष्य घालवतात. आणि इकडे ही बाई हवामान सांगते आहे, रस्त्यावरची गर्दी सांगते आहे, आणि काचेपलीकडे तिच्या कार्यक्रमाचा निर्माता दोन्ही हातांनी काच बडवतो आहे.

हरणाबाई लगेच आल्या. त्यांनी आत जाऊन चूल पेटवली. मी अंगणात, कानाला फोन.

आतून आवाज आला, “हरणाक्का, आवं तुमी भाकरी का थापताय? सांगा मला.”

“आदी खा.”

“अमृत हाय न्हवं?”

“खा गं बाई. माझ्यासाठी खा.”

पाट सरकवल्याचा आवाज आला. मग विजयमालाबाई म्हणाल्या, “खाते. पर तुमी उठून जाऊ नगा.”

त्यांनी खाल्लं. मग त्यांना कळलं. मी फोनवर दोनच शब्द बोललो, “कळलं, ताई.” तिकडे ताईंनी नाव वाचलं, अगदी आपल्यासारखं नीट उच्चारून. तोवर दुसऱ्या एका केंद्रानं ते मोडूनतोडून वाचून टाकलं होतं. महिन्याभरात ताईंचा सकाळचा कार्यक्रम काढून घेण्यात आला. तो परत कधी मिळाला नाही.

ताईंनी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. दर फोनला एक प्रश्न मात्र ठरलेला, “उदय, त्या माउलीला माझा राग आला असेल का रे? मी अमृतचं नाव साऱ्या जगाला सांगितलं.” सुट्टीवर यायच्या, पण शिराळ्याकडे कधी वळल्या नाहीत. धीर झाला नाही. आता त्या निवृत्त होऊन कायमच्या कुंडलला आल्या आहेत. हा प्रश्न त्यांनी सामानाबरोबर परत आणलेला आहे.

मघाशी पंगतीत त्यांनी पान पुढ्यात आल्यावर माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. म्हणाल्या, “उदय, खरं सांग. काय झालंय?” मी म्हणालो, “आधी जेवा.” एवढा सूड तर जुन्या सहकाऱ्याला घेऊ द्या.

ताई, पत्रिकेतला क्रम माझा नाही. तो पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसलेल्या बाईंचा आहे. शाल घालायला याल का, म्हणून विचारायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “येते. पर तिला आदी पोटभर जेवू घाला. मला बघून तिच्या घशाखाली काय उतरायचं न्हाई. आनि तिला सांगा, माझं लेकरू गेलं ते मला माझ्या घरात कळलं, हरणाक्काचा हात हातात असताना कळलं. दुसऱ्याच्या मोबाइलवर न्हाई.”

अध्यक्ष महोदया, शाल आपल्या हस्ते द्यायची ठरली होती. तो मान मी आपल्याला न विचारताच दुसरीकडे दिला, त्याबद्दल क्षमा असावी. ज्यांनी स्वयंपाक केला, ज्यांनी वाढलं आणि ज्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्या सगळ्यांचे आभार. बोलताना कुठे पाय घसरला असेल, तर तो पोटात घाला. जेवण झालेलंच आहे, जागा असेल.

ताई, तुम्ही जेवलात. आता सांगतो.

विजयमालाबाई आल्या आहेत.