मोठ्या शुक्रवारची फुलं

नाही, टेबलावर ठेवू नकोस — ते टेबल आज प्रभूच्या पालखीचं आहे, आणि हे जे तू छातीशी कवटाळून आणलंयस ना, ते मेलेलं आहे. बघ तरी. खसखस. खसखशीचं फूल तोडलं की हातातल्या हातात गळतं, हे शेळीलासुद्धा ठाऊक असतं, म्हणून ती तिथंच उभी राहून खाते, घरी नेत नाही. आणि हे अनेमोन — दाखव — गड्ड्यासकट उपटलंस? मग पुढच्या वसंतात तिथं काय उगवायचं, तुझ्या गाडीचं टायर? — पापा-लिआसनं, आमच्या पाद्र्यानं पाठवलं, हो का. 'वर चर्चच्या अंगणात स्तामाता बसलीय, तिला द्या, तिला आनंद होईल' म्हणाला. चांगला आहे आमचा पापा, पण फुलांतलं त्याला तेवढंच कळतं जेवढं मला जहाजांतलं. झाला आनंद. टाक तिकडे भिंतीपाशी, गाढव आलं की बघेल. आणि बस. बस म्हणते ना, माझ्या उन्हात उभी राहू नकोस. कॉफी देईन, पण बिनसाखरेची, आज मोठा शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस, आज तोंड गोड करायचं नसतं. तुमच्या अथेन्समध्ये करतात, माहीत आहे मला.

एकटी का? बाकीच्या बायका घरी गेल्या, त्यांना काम उरलं नाही. काम त्या दारामागच्या खोक्यांतून आलंय — उघड, बघ, हात लावू नकोस. कार्नेशन. पांढरी, लाल, सगळी एका उंचीची, पोलिसांची रांग उभी केल्यासारखी. वास घेऊन बघ. येतो काही? नव्या प्लास्टिकच्या बादलीचा येतो. माझी जाऊ, पोलिक्सेनी, तिनं शहरातल्या दुकानातून मागवली, सोबत हिरवा स्पंजही आला, त्यात खोचायची म्हणजे झालं. का मागवली? तर गेल्या वर्षी खालच्या चर्चची पालखी आमच्यापेक्षा भरलेली दिसली. संध्याकाळी दोन्ही पालख्या चौकात समोरासमोर येतात ना, तेव्हा लोक हातात मेणबत्ती धरून रडायचं सोडून बघत असतात कुणाची दाट आहे ते. 'स्तामाता, रानातलं आता काही मिळत नाही, हट्ट सोड' — असं मला म्हणाली, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, पोलिक्सेनी, आपल्या सासूच्या प्रेतावर ही खोक्यातली फुलं घातली असतीस तर ती उठून बसली असती. तिला हसू आलं नाही. मग पापा-लिआस मध्ये पडला. म्हणाला, ऊन त्या सायप्रसच्या झाडामागे जाईपर्यंत स्तामाताला रानातली फुलं मिळाली तर ती लावू, नाही तर खोकी उघडू. म्हणून पालखीची ही चौकट अशी उघडी पडलीय आणि मी तिच्यापाशी राखणीला बसलेय. माझ्या आईनं सजवली ही, तिच्या आईनं सजवली, एका वर्षीसुद्धा विकतचं फूल लागलं नाही हिला. प्रभूला उघड्या फळीवर निजवायचं की दुकानाच्या मालात — मला विचारशील तर उघड्या फळीवर.

आणि रानातलं का मिळत नाही? तू आलीस म्हणून. तू आणि तुझ्यासारखे सगळे. रविवारच्या पेपरची ती पुरवणी — वसंतात कुठे कुठे जावं — वाचलीय मी, मला काय वाचता येत नाही? वेरियाच्या पीचच्या बागा, गुलाबी समुद्र म्हणे. माझी मावसबहीण राहते तिथं, तिच्या बागेत एक नवरी पांढऱ्या झग्यात फोटोसाठी झाडावर चढली, फांदी मोडून खाली आली, आणि झाडांवर आदल्याच दिवशी औषध मारलेलं — नवरी लग्नभर खाजवत होती, तेवढंच बहिणीला समाधान. मग ते उत्तरेकडचं तळं, पेलिकन. पेलिकन जवळून बघितलायस कधी? ओल्या मोज्याचा वास येतो त्याला. खिओसचे रानट्यूलिप — तिथली बाई ते शेतातून तण म्हणून उपटते आणि शिव्या देते, आणि हे लोक बोटीनं जाऊन त्याच्यापुढे गुडघे टेकतात. मानीचे पिवळे डोंगर. मानीत वसंत असतो, नाही असं नाही, पण जांभई देईस्तोवर संपतो, मग नुसता दगड. आणि सगळ्यात शेवटी आम्ही. 'पार्नोन डोंगराच्या कुशीतलं एक कुरण, जिथं अजून कोणाचं पाऊल पडलेलं नाही.' कोणाचं पाऊल पडलेलं नाही. मग मी कोण? माझी आई कोण? आमच्या शेळ्या काय उडत जायच्या?

आले लगेच. गेल्या झावळ्यांच्या रविवारी इथं गाड्या किती, म्हणून सांगू — खालच्या पाणवठ्यापर्यंत. सतरंज्या पसरल्या, अनेमोनच्या वरच पसरल्या. एकानं कुत्र्याला फुलांची माळ घातली. एका बाईनं मला बाजूला व्हायला सांगितलं, आजी, तुम्ही फोटोत येताय. मी फोटोत येतेय. मी त्या कुरणात जन्मले म्हटलं तरी चालेल, आईला तिथंच कळा सुरू झाल्या होत्या, आणि मी फोटोत येतेय. हिरवं म्हणून काही ठेवलं नाही मेल्यांनी. गाढवाचं बरं, गाढव खाऊन लीद तरी टाकतं.

कोणी लिहिलं? लिहिलं कोणीतरी. अथेन्सच्या लोकांना काय, खुर्चीत बसून लिहायचं. — खाली नाव होतं, हो. वाचलंस? मग माझं आडनाव पापानं तुला सांगितलंच असेल, कशाला विचारतेस. हो. मुलगी. असिमीना. पेपरात आहे ती, चांगलं लिहिते म्हणतात सगळे. चांगलंच लिहिलंय, मी कुठे नाही म्हणते — 'माझी आई अंगठ्याच्या नखानं देठ खुडते, उपटत नाही. तीन फुलं असली तर एक घेते, दोन ठेवते.' हे वाचलंस ना तू? मग? वाचलंस, आणि उपटून आलीस. मला ह्याचीच किळस येते बघ, न वाचणाऱ्याचं एक वेळ समजू शकते.

नाही, येत नाहीये. कामं आहेत. अख्ख्या अथेन्सला गावी धाडायचं आणि आपण तिथं बसायचं, हे तिचं काम. सहा वर्षं झाली, त्या कुरणाचं तिनं तोंड बघितलेलं नाही, आणि वर लिहिते, इथं आलं की मी पुन्हा लहान होते. लहान होते म्हणे. मग ये ना लहान व्हायला. काल संध्याकाळच्या बसला मी खाली गेले होते — मीठ संपलं होतं घरातलं. बस थांबली, पोलिक्सेनीचा मुलगा उतरला, त्याची बायको उतरली, दोन पोरं, एक कोंबडी उतरली. ड्रायव्हर म्हणाला, आत कोणी नाही आता, मावशी. मी म्हटलं, मी मीठ न्यायला आलेय. — दुकान बंद होतं, हो. तुला फार नेमकं विचारायची सवय आहे.

पण एक सांगते. तिनं कुरण लिहिलं, पाणवठा लिहिला, माझं नख लिहिलं, पण व्हायोलेटचं, त्या जांभळ्या रानफुलाचं, लिहिलं नाही. सगळं उघड्यावर मांडलं, आणि ते नाही. तीनदा वाचलं मी, चष्मा लावून. पालखीचं छत आम्ही नेहमी व्हायोलेटचं करायचो, दोऱ्यात ओवून, एकेक, चेपलं तर जातं. ती लहान असताना देठ मोजायला बसायची नि झोपून जायची माझ्या मांडीवर. आता ती विसरली असेल. विसरलीच असेल, काय काय लक्षात ठेवणार. — किंवा राखून ठेवलं असेल तिनं ते. मुद्दाम. माझ्यापुरतं. तुला काय वाटतं? — नको, नको सांगूस, तुला काय माहीत.

पोलिक्सेनीला मी मेले तरी सांगणार नाही ती व्हायोलेटची जागा. ती बादली घेऊन जाईल. आणि माझे हे गुडघे, बघ, हे असे, मला चर्चच्या पायऱ्या धड चढता येत नाहीत, डोंगर कुठला. काल कोणी आलं असतं तर आज पहाटे — जाऊ दे. ऊन बघ कुठवर आलं ते. सायप्रसच्या टोकाला टेकलंय. — तुझे बूट काय ते, धावायचे? पाय धड आहेत ना?

ऐक. कुरणाकडे जायचंच नाही. संत मरिनाचं छोटं देऊळ आहे, पांढरं, त्याच्या मागं जा, जिथं वाट संपल्यासारखी वाटते तिथून पुढे. वाट संपत नाही, तसं वाटतं. दोन खडकांच्या मधून पाणी झिरपतं, सावलीत, बाहेरून काहीच दिसत नाही, वाकावं लागतं. पानं बाजूला करायची. नखानं. एक घेतलं की दोन ठेवायची. हे ओलं गोणपाट घे, त्यात ठेव, ऊन लागू देऊ नकोस. वाटेत पोलिक्सेनी भेटली तर सांग, पाय मोकळे करायला निघालेय, तुमच्यासारखे लोक तेच करतात, तिचा विश्वास बसेल. आणि तो फोन इथे ठेव, भिंतीवर. ठेव म्हणते ना. खात नाही मी. — हं.

आणि वास घ्यायचा नाही. पालखीच्या फुलांचा आपण वास घेत नसतो, पहिला वास प्रभूचा. कितीही आला तरी तोंड फिरवायचं. आमची ती घ्यायची, गोणपाटात नाक खुपसून, चोरून, आणि नाकाच्या शेंड्याला माती घेऊन यायची नि म्हणायची, नाही आई, मी नाही —

जा. काय बघतेस माझ्याकडे? जा आता.