अणुकेंद्र गोल की लांबट?

अरे, अणुकेंद्राच्या आकारावरून माझं लग्न मोडायलाच आलं होतं! रंगीत टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. मी पीएच.डी. करत होतो, मुलगी बघायला मुलुंडला गेलो होतो.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नक्की काय करता?"

"अणुकेंद्र गोल आहे की लांबट, ते शोधतो."

"दिसतं ते?"

"नाही. त्यातून गॅमा किरण निघतात, त्यांवरून ओळखतो."

"गोल निघालं तर?"

"तर गोल."

"आणि लांबट निघालं तर?"

"तर लांबट."

ते गोंधळून बायकोकडे बघायला लागले. तेवढ्यात मुलगी पहिल्यांदाच बोलली, "बाबा, मला पसंत आहेत. मागच्या रविवारी आलेल्याला सगळंच कळत होतं."