घार हाकलाची राहून गेली

मी सुखदेव. नेरपासून दोन कोसावरचं हे गाव, अथीच जन्मलो अन् आता अथीच मरतो, मधातली सात वर्षं तेवढी बाहेर गेली. तुमाले कोनं सांगतलं बाई, का बुढा लढाईवर गेलता म्हणून? गेलतो, पण बंदूक नाही धरली मी. विमानतळावर पाखरं हाकलत होतो. हासू नका. गावात सांगतलं तवा समदे हासले, मंग मी सांगनंच सोडून देलं.

माहा बाप जवारीची राखण करे. वावरात मधोमध माळा, त्याच्यावर उभा राहून गोफण फिरवे, असा नेम का बोलता सोय नाही. गोटा नाही वापरे, वाळलेल्या मातीचा गोळा वापरे, म्हणे गोट्यानं कणीस फुटते, मातीनं फकस्त पाखरू भेते. अन् गोफणीचा आवाज झाला ना फट्टकन, का निम्मी पाखरं आवाजानंच उठत. मले सहा वर्षाचा असताना शिकवली त्यानं. रागीट होता लय, पण गोफण शिकवताना एक शिवी नाही देली.

मंग आमच्या गावचे एक फौजी होते, त्यायच्या ओळखीनं मी वर पंजाबाकडं विमानाच्या तळावर झाडू माराले लागलो. धावपट्टी झाडाची, रोज, हातभर जागा नाही सोडाची. तिथल्या साहेबायनं सांगतलं का एक खडा राहिला तरी विमानाची मशीन वढून घेते अन् खलास. एक दिवस मी गोफणीनं घार हाकलली ते बड्या साहेबानं पाह्यलं, पह्यले खवळला, गोटा कायले मारतो म्हणे पट्टीवर. मी मातीचा गोळा हातात देला, फोडून दाखवला. तवापासून झाडू सुटला, मी पाखरावर. तनखा तेवढीच, पण इज्जत वाढली.

बाप मेला त्याची तार मले उशिरा भेटली. घरी पोचलोच नाही. मायनं कोणाकून तरी चिठ्ठी लिवून घेतली, का दहाव्याले कावळा शिवला नाही, समद्यायनं हात जोडले, पोराचं सांगतलं, कबूल केलं, तरी नाही शिवला, मंग दर्भाचा कावळा करून उरकलं. काय सांगू तुमाले, ते चिठ्ठी मी खिशात घेऊन फिरो. तुमी शिकलेल्या, तुमाले खोटं वाटन. मले वाटे का बुढा माह्याचसाठी अडून बसला.

अन् त्याच साली भादव्यात पासष्टची लढाई लागली. लोकायले वाटते लढाईतलं विमान म्हणजे दुश्मनानंच पाडलं. तसं नसते बाई. घाईनं पडते. मशीनवाले पंखाखालीच झोपत, उठून डोळे चोळत पेच आवळत. चालवणारे साहेब दिवसातून तीन-तीनदा जात, थकून जात, उतरताना अंदाज चुके. धुकं राहे. अन् पाखरं. शंभर कारणं राहतात, त्यातलं एक माह्या हातात होतं.

विमान चालवणाऱ्यायतले एक साहेब पोट्टेच होते, मिशी नवी फुटलेली. विमान माह्या कोपऱ्यावरून जाये तवा ते आतून दोन बोटं वर करत, म्हणजे राम राम. मी गोफण वर करो. एवढीच आमची ओळख, नावही नाही इचारलं कधी.

बापाची तिथी आली पितृपाटात. सुट्टी मांगाची सोयच नव्हती. मेसमधे रामदीन म्हणून सयपाकी होता, त्याले म्हटलं भाऊ, थोडा भात-वरण दे, एक वडा दे, बापाले घास टाकाचा हाय. त्यानं वरून खीर देली. सकाळी आंग धुतलं, पट्टीच्या टोकाले कुंपणाच्या तारेजवळ पान मांडलं, दक्षिणेकडं तोंड केलं अन् मी, रोज पाखरं हाकलणारा मानूस, त्या दिवशी काव काव करून बलावलं.

कावळा आला. तारेच्या खांबावर बसला, खाली उतरला, पानाजवळ आला, मांगं सरला. तेवढ्यात वर पाह्यलं तर घार, खालून खालून फिरून राह्यली पट्टीवर. अन् तिकडं विमानाची मशीन सुरू झालेली. गोफण खांद्यावर होती, गोळा खिशात होता. फट्टकन एक आवाज केला असता तर घार गेली असती. पण कावळाही गेला असता. मी म्हटलं बाबा, लवकर घ्या. बाबा, हात जोडतो, लवकर घ्या. अन् कावळा शिवला बाई. वड्याले चोच लावली. माह्या डोळ्याले पानी आलं, बापानं घेतलं म्हणून.

मंग मी गोफण उचलली. विमान तवा जमीन सोडून झाडाएवढं वर गेलतं. घार दिसली, मंग नाही दिसली. मशीन खोकलल्यासारखी झाली, आवाज बंद, अन् तारेपल्याड उसाच्या वावरात गेलं ते. त्या पोट्ट्या साहेबाची दोन बोटं त्या दिवशी वर झाली का नाही, ते मी पाह्यलंच नाही. मी पानाकडं पाहत होतो.

चौकशी झाली. कडुनिंबाखाली टेबल मांडून तीन साहेब बसले. मले इचारलं पाखरं कायनं आली. मी म्हटलं मेसचं खरकटं राहते साहेब, तारेच्या पल्याड टाकतात. खोटं नव्हतं, टाकतच होते. लिवून घेतलं. कारण पक्षी, पक्ष्याचं कारण खरकटं, अन् रामदीनले काढून टाकलं. खीर कोनाले देली ते त्याले मालूम होतं. तो बोलला नाही, मीही नाही बोललो. पेटी घेऊन निघाला तवा मले म्हणे, तेरे बाप ने खाया ना? बस. अन् गेला. तो मले शिव्या देता तर बरं झालं असतं.

दोन वर्षानं मी नोकरी सोडली. घरी कोनाले नाही सांगतलं, घरवाली गेली, तिले बी नाही. ते घार पानावरच आली होती का खरकट्यावर, का तशीच, ते देवाले मालूम. लोक मले समजावतीन, म्हणून सांगत नाही. मले समजावून नाही पाह्यजे. घार माह्या कामाची होती अन् मी तिले सोडलं. त्या साहेबाले मी मारलं.

त्याची माय बी बसली असन ना हो, पोराच्या नावाचं पान मांडून, कावळ्याची वाट पाहत?

माहा पोरगा विलास चांगला हाय, दर पितृपाटात आजोबाच्या नावानं स्लॅबवर पान ठेवते. मी वावरात निघून जातो. तो म्हणते बाबा, थांबत काहून नाही. आता या वर्षी सांगनार हाय त्याले, का माह्या मांगं कावळ्याले काही ठेवू नको. मी अडून राहीन तर राहीन, अडलंच पाह्यजे.

तुमी इतक्या दुरून आल्या, लिवून घेतलं, भलं होवो तुमचं, मायबाप सुखी राहो. एक करा. तिथं कागदावर रामदीनचं खरकटं लिवलं हाय, ते आता कोनी खोडनार नाही. तुमच्या वहीत तेवढं खोडा अन् सुखदेव लिवा. लिवलं का? वाचून दाखवा बरं.