फ्रेंच तरी कुठं कळतं त्यांना

शोभा : मग तू त्याला सांगितलं नाहीस, की ही चाल माझी आहे म्हणून?

शैलजा : सांगितलं नं. ऑफिसात कॉफी मशीनपाशी तो ब्रायन कप धूत होता आणि गुणगुणत होता. मी म्हटलं, ब्रायन, धिस इज माय ट्यून. तो म्हणाला, माझंसुद्धा फेव्हरिट आहे. मग उभ्या उभ्या मला फ्रेंच भाषेवर लेक्चर दिलं. म्हणे ती भाषाच अशी, शब्द कळले नाहीत तरी आत पोचते. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसतो. त्याच्यासमोर डबा उघडताना मी हीच चाल कितीदा गुणगुणले असेन. तेव्हा विचारायचा, शैला, आर यू ओके?

शोभा : मला हसू येतंय यार, सॉरी.

शैलजा : हस बाई. सगळे हसूनच राहिलेत. ट्रेन अजून लेट दाखवतेय का बघ.

शोभा : दाखवतेय. रुळांवर बर्फ आहे म्हणे. बरं झालं, तोवर मला नीट सांग. मी ठाण्याहून परवा परत आले आणि आल्या आल्या प्रत्येकीकडून वेगळीच गोष्ट ऐकली. एक म्हणाली तू स्टेजवर रडलीस. दुसरी म्हणाली पेटी आपटलीस.

शैलजा : पेटी कोण आपटेल? नागपूरहून साड्यांत गुंडाळून आणलेली आहे ती. आणि तुला माझ्याबरोबर स्टेशनवर यायला मोरेश्वरनं सांगितलं ना? खरं बोल.

शोभा : तुझ्या नवऱ्याचाच फोन आला होता. म्हणाला, मायलेकी पार्किंगमध्येच भांडतील, तू मध्ये बस.

शैलजा : स्वतः नाही आला. घरी खिचडी लावतो म्हणाला. गॅरेजमध्ये तो बर्फ काढायचं मशीन पुसतो ना, तेव्हा तेच फ्रेंच गाणं म्हणतो. मी दारात आले की खोकतो.

शोभा : अगं पण मुळात हे फ्रेंच आलं कुठून? आश्लेषा तर तुझं मराठी गाणं म्हणायची.

शैलजा : तेच तर. शिकागोला राहायला गेल्यापासून कॅफेत तेच म्हणायची. शब्द माझे, चाल माझी. मी एकदा गेले होते ऐकायला. लोक डोळे मिटून बसले होते. नंतर एक बाई हात जोडून मला म्हणाली, फार शांत प्रार्थना होती. मी म्हटलं, प्रार्थना नाहीये ती. तिला काही पटलं नाही. मग मॉन्ट्रियलची ती मार्गो आली.

शोभा : मार्गो? साबण?

शैलजा : साबणच. शिकागोलाच युनिव्हर्सिटीत शिकते, गिटार वाजवते, आश्लेषाची रूममेट. तिनं माझ्या चालीवर फ्रेंच शब्द बसवले. दोघींनी दोनच ओळी फोनवर रेकॉर्ड केल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. आता टेक्सासातली पोरं भांडी घासताना ते म्हणतात. ओहायोतल्या कुठल्याशा शाळेच्या बँडनं वाजवलं. खाली आश्लेषा नाव घालते माझं, तसं नाही म्हणत मी. पण शोभा, एकाला तरी अर्थ कळतो का त्यातला? माझा प्रश्न एवढाच आहे. फ्रेंच तरी कुठं कळतं त्यांना? दोन्ही भाषा कळत नाहीत, मग मराठीनं काय घोडं मारलं होतं?

शोभा : घोडं नाही गं मारलं. फ्रेंच म्हटलं की त्यांना खिडकी दिसते, वाइन दिसते, कुणीतरी कुणाचीतरी वाट बघतंय असं काहीतरी दिसतं. मराठी म्हटलं की काय दिसणार? फार तर उदबत्ती.

शैलजा : उदबत्तीच दिसली त्या बाईला. बरं, ते परके, त्यांना सोड. आपल्या मंडळाचं काय? आपले सेक्रेटरी विनयराव. फोन करून म्हणतात, वहिनी, संक्रांतीला आश्लेषाचं फ्रेंच ठेवू या, यंग क्राउड येईल. हेच गाणं मागे एकदा मराठीत ठेवलं होतं त्यांच्याकडे. तेव्हा पहिलं कडवं संपायच्या आत माइकवरून सांगितलं होतं, मसालेभात गरम आहे तोवर घ्या.

शोभा : ते आठवतंय मला. मी पण उठले होते. भूक लागली होती अगं.

शैलजा : तू पण?

शोभा : पुढे सांग.

शैलजा : मी नाही म्हणणार होते. पण आश्लेषा म्हणाली, आई, तू पेटीवर बस, आधी मराठी म्हणते, मग फ्रेंच. मी हो म्हटलं. चांगली काठापदराची साडी नेसले. हॉल गच्च. तिनं मराठी सुरू केलं, एक कडवं झालं, आणि मागून पोरं ओरडायला लागली, फ्रेंच, फ्रेंच. पोरांचं ठीक आहे. त्यांच्या आयापण टाळ्या वाजवत होत्या. विंगेतून विनयराव हातानं करून राहिले, उरका उरका. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, ही काही थांबायची नाही. हिला मी शिकवलंय. आणि तिनं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सरळ फ्रेंच उचललं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अख्खा हॉल उभा राहिला, सगळ्यांचे फोन वर. माझ्याच चालीवर मला कुणी विचारत नव्हतं.

शोभा : मग तू काय केलंस?

शैलजा : पेटीचा भाता लावला, उठले आणि गाडीत जाऊन बसले.

शोभा : गाणं चालू असताना?

शैलजा : चालू असताना. तिनं पेटीशिवाय पूर्ण केलं. आणि कळस ऐक. लोकांना वाटलं ते ठरवूनच केलंय. नंतर एक जण काचेवर टकटक करून मला सांगून गेला, काकू, काय इफेक्ट होता, म्युझिक थांबलं आणि फक्त आवाज राहिला.

शोभा : तेव्हापासून बोलली नाहीस तिच्याशी?

शैलजा : ती तरी कुठं बोलली? आज मोरेश्वरला मेसेज केला, येतेय, आईला स्टेशनवर पाठव.

शोभा : एक सांगू? राग येऊ दे हवा तर. तिनं फ्रेंच म्हटलं ते चुकलं असेल. पण भरल्या स्टेजवर पोरीला एकटी टाकून तू निघून गेलीस, ते मला नाही पटलं.

शैलजा : आधी तिनं मला टाकलं.

शोभा : तू आई आहेस ना पण.

शैलजा : म्हणूनच तर लागलं. ती बघ, आली गाडी.

(मोटारीचं मागचं दार उघडतं. आश्लेषा बूट आपटून बर्फ झाडते, पाठीवरची बॅग आत टाकते आणि बसते.)

आश्लेषा : हाय मावशी. तू इंडियाहून कधी आलीस? हाय आई.

शैलजा : पट्टा लाव.

आश्लेषा : गाडी चालू पण नाहीये.

शैलजा : होईल.

आश्लेषा : नको ना, थांब. घरी गेलो की बाबा मध्ये मध्ये जोक्स करणार. इथेच बोलू. मला आणि मार्गोला तुझं पूर्ण गाणं रेकॉर्ड करायचंय. आत्ता आमच्याकडे फक्त पहिल्या दोन ओळींचं फ्रेंच आहे, तेच रिपीट करतो आम्ही. मला पुढच्या ओळींचं मीनिंग पाहिजे.

शैलजा : माझ्या शब्दांचा अर्थ घेऊन काय करणार? तुमचं फ्रेंच वेगळं आहे.

आश्लेषा : वेगळं नाहीये. ट्रान्सलेशन आहे.

शोभा : भाषांतर आहे ते?

आश्लेषा : ऑफ कोर्स. मी मार्गोला वर्ड बाय वर्ड सांगितलं. आई, तुला काय वाटलं?

शैलजा : मला काही वाटलं नाही. मी अर्थ शोधायलाच गेले नाही.

शोभा : मग काय म्हणतात गं त्या फ्रेंचमध्ये?

आश्लेषा : एक बाई आहे. एकटी आहे. ती दार थोडं बंद करते आणि कात्रीनं केस कापते. कोणी येत नाही, बट तरी तिला कोणीतरी भेटतं. म्हणजे आरशात. मार्गोनं आरसा अ‍ॅड केला, बाकी सगळं तुझं आहे.

शैलजा : कात्री कुठून आली त्यात?

आश्लेषा : तुझ्या गाण्यातूनच. 'कातरवेळी दार लोटते, कुणी न येता कुणी भेटते.' कातर, कात्री. कात्रीची वेळ. हेअरकट टाइम.

शोभा : अरे देवा.

आश्लेषा : काय? मावशी, तू असं का बघतेस?

शैलजा : आश्लेषा, तू पहिली-दुसरीत असल्यापासून म्हणतेस हे गाणं.

आश्लेषा : हो. तेव्हापासून मला माहितेय की ती केस कापते. तू संडेला किचनमध्ये माझे केस कापायचीस ना, दार लोटून, बाबांना आत यायला नो एंट्री. मला वाटलं ते आपलंच गाणं आहे. मग ते नाहीये का?

शैलजा : कधी विचारलं का नाहीस?

आश्लेषा : तू कधी सांगितलं का नाहीस? तू फक्त म्हणायचीस, गंधार चढला, परत म्हण. मी परत म्हणायचे. मला सगळे सूर माहितेत, आई. वर्ड्सचं कोणी काही बोललंच नाही. ओहायोची मुलं फ्रेंच म्हणतात ना, तसंच मी मराठी म्हणायचे. फक्त माझं प्रोनन्सिएशन चांगलं होतं.

शोभा : शैला, पाणी देऊ का?

शैलजा : नको.

आश्लेषा : आणि त्या दिवशी मंडळात मी मुद्दाम नाही केलं. सगळे ओरडायला लागले आणि मला सेकंड कडवं आठवेना. एकदम ब्लँक. मीनिंग माहीत असेल तर माणूस गेस करून काहीतरी पकडतो. माझ्याकडे पकडायला काहीच नव्हतं. फ्रेंचचा एकेक शब्द मार्गोनं मला बसून समजावलाय, म्हणून ते आलं तोंडात. तुझ्याकडे बघितलं असतं तर मी रडले असते. मग नंतर बघितलं तर तू नव्हतीस.

शैलजा : मला वाटलं, तू त्यांच्या बाजूला गेलीस.

आश्लेषा : आय नो तुला काय वाटलं. बाबांनी सांगितलं.

शैलजा : फोन करून मला सांगायचं होतंस.

आश्लेषा : काय सांगणार? की मी एवढी वर्षं तुझं गाणं म्हणते आणि मला ते येत नाही? ट्रेनमध्ये पण मी हाच विचार करत होते, की मार्गोसाठी पाहिजे असं म्हणायचं. मार्गोला घाई नाहीये. मला पाहिजे.

शैलजा : बाहेर बघ.

आश्लेषा : काय आहे बाहेर?

शैलजा : उजेड गेलाय, पण पार्किंगचे दिवे अजून लागले नाहीत. ही कातरवेळ. कात्री नाही गं. दिवस संपलेला असतो आणि रात्र अजून आलेली नसते. तेव्हा उगाच जीव घाबरा होतो. काही झालेलं नसतं, तरी रडायला येतं.

आश्लेषा : म्हणजे सॅड गाणं आहे?

शैलजा : जर्सी सिटीत होतो तेव्हाचं आहे. मला कामाची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. मोरेश्वर सकाळी मॅनहॅटनला जायचा तो रात्री यायचा. थंडी सुरू झाली की दुपारीच अंधारून यायचं. दार उघडं ठेवायचे, कॉरिडॉरमध्ये कुणाची पावलं वाजतात का ऐकायला. मग कुणी नाही म्हणून लोटून घ्यायचे.

शोभा : तू मला कधी सांगितलं नाहीस हे.

शैलजा : त्यात काय सांगायचं? सगळ्यांचं तसंच होतं.

आश्लेषा : आणि मी हे हसत हसत म्हणायचे. नाचून पण दाखवायचे.

शैलजा : मला वाटायचं, बरं आहे, हिच्या तोंडी ते दुःखाचं लागत नाही.

आश्लेषा : मग ते 'कुणी' कोण आहे? कुणी न येता कुणी भेटते. कोण भेटलं?

शैलजा : तू. दुसरं कोण होतं तिथे? सहावा-सातवा महिना असेल. दिवसभर गप्प असायचीस आणि नेमकी अंधार पडायच्या वेळेला लाथा मारायचीस.

आश्लेषा : ओह.

शोभा : मी जरा खाली उतरून पाय मोकळे करू का?

शैलजा : एवढ्या बर्फात? बस गुपचूप. घसरून पडलीस तर तुलाही मीच बघायचं.

आश्लेषा : आई, मी मार्गोला आज रात्रीच सांगते. आम्ही कात्री काढून टाकतो. नवीन करू.

शैलजा : नको, राहू दे. केस तर मी कापतच होते तुझे. आता मला ते फ्रेंच म्हणून दाखव. चालीत नको, नुसतं बोल. आणि शब्दाशब्दाला थांब, मला कळू दे.