बावीस हजार पावलं

पौडच्या सरकारी दवाखान्यात शुगर तपासायच्या रांगेत उज्वला मोबाईल चाळत उभी होती. पुढच्या दोघी बोलायला लागल्या आणि तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

"कोंडाबाई, तुझ्या फोनला शेळीचा वास येतोय गं!"

"येणारच की, हसिना. महिनाभर आमच्या ठिपकीच्या गळ्यात बांधला हुता. आज तेवढा माझ्याकडं हाय."

"शेळीला कशाला फोन?"

"सुनंनं त्यात पावलं मोजायचं ॲप घातलंय. शुगर उतरायला रोज आठ हजार झालीच पायजेत, म्हणती. तिला तिच्या मोबाईलवर समदं दिसतं."

"मग तू चाल की!"

"आन् गुडघं? ठिपकी दिसभर डोंगर चढती. परवा बावीस हजार झाली! सुनंनं खूस हून बूट आणलं मला."

"आन् शुगर?"

"ती कुटं ॲपमधी दिसती?"

"सुनंला कळलं म्हंजी?"

"हिंजवडीत बसून काय कळतंय तिला!"

तेवढ्यात फोन वाजला. कोंडाबाईनं स्पीकर लावला.

"आई, आज दोनशेच पावलं? बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया? पहाटं दोन करडं झाली न्हवं, म्हणून बसून हाय ती."