मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

सिस्टर : तिथं काहीच नाहीये.

मास्तर : कुठं?

सिस्टर : तुमच्या पायाशी. तुमचा ब्रेक कुठाय?

मास्तर : ही मेहुणीची गाडी आहे, सिस्टर. साध्या माणसांच्या गाडीत ब्रेक एकच असतो, चालवणाऱ्याच्या पायाखाली. आपली दोन ब्रेकवाली गॅरेजात पडलीय. काल संध्याकाळी भर चौकात क्लच गेला.

सिस्टर : मग मी नाही चालवत. टेस्टची पुढची तारीख घेऊ.

मास्तर : पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळेल. आणि सोमवारी तुमच्या मेट्रनला लायसन कोण दाखवणार? माझी मेहुणी?

सिस्टर : सोमवारचं नका काढू.

मास्तर : काढणार. घरोघरी जाऊन पेशंट बघायची दिवसाची ड्यूटी. लायसन नसलं तर दुसरीला जाईल. तुम्हीच सांगितलंत ना?

सिस्टर : दुसरीला जाईल आणि मी परत रात्रपाळीत. लेक शाळेला निघते तेव्हा मी घरात शिरते. दारात एकमेकींवर धडकतो, तेवढीच आमची गाठभेट.

मास्तर : मग? बेल्ट लावा.

सिस्टर : तुमच्या ब्रेकवर चालवत होते हो मी. तुमचा पाय आहे म्हणून माझा हलतो.

मास्तर : ते काय मला माहीत नाही? इतकी वर्षं शिकवतोय, गाडीला ओरखडा नाही. आज पायाऐवजी तोंडानं थांबवीन. चला, आरसा. गियर. हं.

सिस्टर : गाडी गॅरेजात आणि तुम्ही एवढे खुशीत कसे?

मास्तर : गाडी बंद पडली म्हणून क्लास बंद पडत नाही. सकाळी बँकेतल्या काकांना त्यांच्याच गाडीत शिकवलं. त्यांनी आधी कव्हरची घडी घातली, मग मला आत घेतलं. तिथून न्हाव्यानं स्कूटरवर इथं आणून सोडलं, बदल्यात त्याला रविवारी रिव्हर्स शिकवायचा. ही गाडी पाचला मेहुणीच्या दारात हवी, तिची पोरं पोहायला जातात. तिथून संध्याकाळच्या क्लासच्या दोघी जावा मला दिराच्या जीपमधून— डावा इंडिकेटर— उचलणार. इंडिकेटर म्हणालो, वायपर नव्हे!

सिस्टर : या गाडीत दांडे उलटे आहेत.

मास्तर : असू देत. पुसली काच, चांगलं झालं. शाळेपुढं हळू. हळू. सिस्टर, हळू!

सिस्टर : हळूच आहे. सायकलवाला पुढं गेला आपल्या. पाय कशाला आपटताय? मॅट फाटेल मेहुणीची.

मास्तर : सवय.

(फोन वाजतो. मास्तर स्पीकर लावतात.)

मेकॅनिक : मास्तर, क्लच बसवला. पण एक सांगू का?

मास्तर : लवकर सांग, टेस्टला चाललोय.

मेकॅनिक : तुमच्या बाजूच्या ब्रेकची केबल तुटलीय.

मास्तर : तूच तोडली असशील खोलताना. भरून दे.

मेकॅनिक : मी हात नाही लावला. तुटलेल्या टोकावर गंज चढलाय, म्हणजे बरेच महिने झाले. पेडल झकास खालीवर होतंय, स्प्रिंग ठणठणीत, पण पुढं काही जोडलेलंच नाही. नुसता पायाला व्यायाम.

मास्तर : काहीतरीच बोलू नकोस. काल सकाळी भाजीच्या गाडीपुढं कचकन दाबलाय मी. जागच्या जागी थांबली.

मेकॅनिक : थांबली असेल. तुम्ही नाही थांबवली. चालवत कोण होतं?

सिस्टर : मी.

मेकॅनिक : मग बाईंनी थांबवली. जोडू ना केबल?

मास्तर : करतो तुला फोन.

सिस्टर : बरेच महिने म्हणजे मी यायच्या आधीपासून.

मास्तर : गाडी बाजूला घ्या.

सिस्टर : इथं थांबायला मनाई आहे, तुम्हीच शिकवलंत. त्या झाडापुढं घेते… घेतली. बोला.

मास्तर : आज टेस्ट नको.

सिस्टर : आता तुम्ही सुरू झालात?

मास्तर : डोंगराच्या उतारावर नेलं हो मी तुम्हाला. त्या जावांना तर दोघींना एकदम. प्रत्येकाला म्हणायचो, घाबरू नका, मी आहे.

सिस्टर : होतातच की.

मास्तर : कुठं होतो? नुसता बसलो होतो. कुणाचं काही झालं असतं म्हणजे…

सिस्टर : हात द्या.

मास्तर : काय?

सिस्टर : मनगट. गप्प बसा जरा. केवढी धावतेय नाडी! मागं पोरांची पाण्याची बाटली आहे, घ्या. घोट घोट प्या. छातीत दुखतंय?

मास्तर : नाही. इज्जतीत दुखतंय.

सिस्टर : त्याला आमच्या वॉर्डात खाट नाही. हे बघा, केबल तुम्ही तपासायला हवी होती. ते मी सोडणार नाही, नंतर निवांत भांडेन. पण उतारावर, चौकात, भाजीच्या गाडीपुढं, गाडी माझ्या पायानं थांबलीय. आणि मी वेडी रोज लेकीला सांगतेय, मास्तर आहेत म्हणून निभावतंय. मी टेस्ट देणार.

मास्तर : मग द्या. मी इथंच उतरतो.

सिस्टर : खबरदार. एकटीनं चालवायचं लायसन अजून मिळायचंय मला. बसा.

मास्तर : आरसा—

सिस्टर : बघितला.

मास्तर : मागून टें—

सिस्टर : टेम्पो. जाऊ देतेय त्याला. पुढं बोला.

मास्तर : काय बोलू? मी तोंड उघडेपर्यंत तुमचं झालेलं असतं.

सिस्टर : मग फोन करा. त्याला आधी केबल जोडायला सांगा.

मास्तर : हॅलो? हो, जोड. नवी घाल, दुरुस्तीबिरुस्ती नको. आणि मी स्वतः येऊन बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही… नाही रे, रागावलो नाही… जावांचा आजचा क्लास रद्द करतो, सिस्टर. काय झालं तेही सांगतो त्यांना.

सिस्टर : सांगा. पण आज तर त्या दिराची जीप आणणार होत्या.

मास्तर : तर काय! तिच्यातही ब्रेक एकच. मेहुणीकडून चालत घरी जाईन.

सिस्टर : आलं टेस्टचं मैदान. फाटकातून घेऊ आत?

मास्तर : घ्या. टेस्ट घेणारे साहेब माझ्या जागेवर बसतील. मी मागं बसू का? म्हणजे, गाडी मेहुणीची आहे, क्लच जरा वर पकडते…

सिस्टर : मास्तर.

मास्तर : कोपऱ्यात बसेन. एक शब्द बोलणार नाही.

सिस्टर : तुम्ही त्या बाकावर बसा, सावलीत. नातेवाईकांनी बाहेरच थांबायचं असतं.