भिंतीकडे तोंड

गुड्डी : फ्रीजरात? आई, फोन फ्रीजरात ठेवतं का कोणी?

चिमाबाई : तूच म्हणाली ना, तापलाय, हात लावू नको. म्हटलं, गार करून देऊ. कल्पेशभाईच्या दुकानात ताकाच्या पिशव्या ठेवतात, त्यांच्या मधोमध नीट ठेवून आले. विचारून ठेवला, चोरून नाही.

गुड्डी : हे बघ. कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं आलंय. चार्जर लावला तर सांगतोय, आत ओल आहे, चार्जर काढा. इअरफोनपण तिथंच लागतो. आता काय करू?

चिमाबाई : पुसून घे ना पदराने.

गुड्डी : आतून पुसता येतं का?

चिमाबाई : मला काय ठाऊक व माय. आमच्या कारखान्यात मशीन तापलं की त्याला गार हवा मारतात. मीपण तेच केलं.

गुड्डी : आणि आजच करायचं होतं. थोड्या वेळात फोनवर मॅच आहे माझी.

चिमाबाई : रोजच तर असते मॅच.

गुड्डी : रोजची वेगळी. आज वरच्या तीन जोड्यांत आलो तर पुढच्या रविवारी सिल्वासात हॉलमध्ये फायनल. आणि वरुणने सांगून टाकलंय, गुड्डी, तुझा फोन आज पुन्हा अडकला तर फायनलला मी स्वप्नीलला घेणार.

चिमाबाई : वरुण म्हणजे त्या इंजिनिअरसाहेबांचा? आणि जोडी म्हणजे काय ग?

गुड्डी : खेळातली जोडी, आई. दोघं मिळून खेळतात ती.

चिमाबाई : बरं बरं. विचारलं फक्त. पण तू एवढी चांगली खेळते, ते दिसत नाही का त्याला?

गुड्डी : फोन अडकला की माणूसच ढ दिसतो. स्वप्नीलला समोर उभा हत्ती मारता येत नाही. पण त्याचा फोन नवा आहे, मागे चिकटवायचा पंखा आहे. माझा मामाचा जुना. संपला विषय.

चिमाबाई : पण अडकतो का हा?

गुड्डी : तापला की स्वतःच हळू होतो. जळून जाऊ नये म्हणून. आधी स्क्रीन अंधारी करतो, मग चित्र धक्के खात येतं. मी वळेपर्यंत समोरच्याने गोळी घातलेली असते.

चिमाबाई : म्हणजे अक्कल आहे त्याला. तापला, हळू झाला. आम्ही धागा तापवायच्या रांगेत उभ्या असतो, तिथं हळू होऊन दाखव बरं. मालती चक्कर येऊन पडली तर लिंबूपाणी पाजलं आणि परत उभी केली. मशीनला मात्र वेगळा पंखा. मशीन बिघडलं तर मुंबईहून माणूस बोलवावा लागतो ना. बाई बिघडली तर गेटवर दुसरी उभीच असते.

गुड्डी : मग बोल ना एकदा तोंडावर.

चिमाबाई : बोलले. म्हणून तर सकाळची शिफ्ट गेली माझी. तू फोनचं बघ.

गुड्डी : कव्हर काढते आधी. हे काय? आई, कव्हरच्या आत काय काय कोंबलंय? सप्तशृंगीचा फोटो, तुझा गेटपास, डॉक्टरची चिठ्ठी. गोधडी पांघरलीस त्याला.

चिमाबाई : कामावर मी नेते तेव्हा कुठं ठेवू? साडीला खिसा असतो का? देवीचा तरी राहू दे.

गुड्डी : देवी बाजूला बसून बघेल. हे घे. आता उजेड कमी, चित्र सगळ्यात हलकं, बाकी सगळं बंद. चार्जिंगला लावता येत नाही हेही एका अर्थी बरं झालं, लावून खेळलं की जास्त तापतो. बॅटरी निम्मी आहे. पुरेल.

चिमाबाई : म्हणजे माझ्या फ्रीजरचा फायदाच झाला.

गुड्डी : तू आता काही बोलू नको.

चिमाबाई : दुकानात जाऊन खेळ ना. कल्पेशभाईकडे कूलर आहे.

गुड्डी : आज रविवार आहे. शेजारच्या बारमध्ये वापीहून पिणारे आलेत, तिकडे दारूबंदी ना. चार टाळकी दुकानाच्या बाकावर बसतात आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघतात. स्क्रीन बघतात म्हणे.

चिमाबाई : नको मग. इथंच बस. पण पत्रा बघ कसा तापलाय. हा पंखा गरम हवाच खाली ढकलतोय. थांब, धाग्याच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, मी वारा घालते.

गुड्डी : फोनच्या पाठीला घाल. वरून नको. हां, असं.

(फोनच्या स्पीकरमधून वरुणचा आवाज.)

वरुण : गुड्डी, ऐकू येतंय? तुझ्याकडून कसली फडफड येतेय?

गुड्डी : आई वारा घालतेय.

वरुण : स्पीकरवर का आहेस? इअरफोन लाव.

गुड्डी : फोनमध्ये ओल गेलीय.

वरुण : ओल? मे महिन्यात?

चिमाबाई : ताकाच्या पिशव्यांत ठेवला होता.

वरुण : कोण बोललं?

गुड्डी : आई. सोड ते.

वरुण : काकू, नमस्कार. प्लीज मॅचमध्ये बोलू नका हं, डिस्टर्ब होतं.

चिमाबाई : माझ्या घरात मी गप्प बसू?

वरुण : तसं नाही काकू. गुड्डी, ऐक. प्लॅन सिंपल. आपण सरळ नकाशातल्या गावात उतरू, गर्दीत. पहिल्या पाच मिनिटांत भरपूर जणांना उडवू. अॅग्रेसिव्ह.

गुड्डी : नको. मी टेकडीवरच्या गोदामात उतरते.

वरुण : तिथे कोणी नसतं.

गुड्डी : म्हणूनच.

वरुण : गुड्डी, आज घाबरायचं नाही. मागच्या दोन मॅच तुझ्यामुळे गेल्यात.

गुड्डी : फोनमुळे गेल्यात.

वरुण : रिझल्ट तोच ना? चल, विमान आलं. मी गावात उडी मारतोय, तू ये.

गुड्डी : तू जा. मी गोदामात.

चिमाबाई : काय व, तो कॅप्टन आहे ना?

गुड्डी : कॅप्टन त्याच्या खोलीत. तिथं एसी आहे. हात लाव आई, मागे गरम लागतंय का?

चिमाबाई : नाही. कोमट. भाकरी परातीत निवते तेवढं.

वरुण : गुड्डी, माझ्यावर तिघं आलेत. एकाला पाडलं. दुसऱ्यालाही. बघितलंस? अजून एक आहे, तू कुठेयस?

गुड्डी : सांगितलं ना. गोदामात. वरुण, विहिरीमागे जा, तिकडून निघ.

वरुण : निघायला वेळ नाही, त्याला घेतो. छतावर आहे तो, एक मिनिट, एक मिनिट. शिट. मागून कोणीतरी आला. गेलो मी. गेलो यार.

चिमाबाई : कुठं गेला?

गुड्डी : मेला. खेळात.

चिमाबाई : इतक्यात? अजून माझा हातही दुखला नाही.

वरुण : काकू, प्लीज. गुड्डी, आता मी तुझ्या स्क्रीनवरून बघतोय. पण मला काहीच दिसत नाहीये. नुसती एक करडी भिंत. तुझा फोन हँग झाला का?

गुड्डी : नाही. मी भिंत बघतेय.

वरुण : काय?

गुड्डी : कोपऱ्यात आडवी पडलेय. भिंतीकडे तोंड करून.

वरुण : तू वेडी आहेस का? क्वालिफायर चालू आहे आणि तू भिंत बघतेस? हजारो लोक लाइव्ह बघत असतात गुड्डी.

चिमाबाई : कशी भिंत आहे? आपली तरी हिरवी आहे.

गुड्डी : ऐक वरुण. स्क्रीनवर झाडं दिसली, गवत दिसलं, धूर दिसला की फोनला ते सगळं क्षणाक्षणाला चितारावं लागतं. त्यानेच तापतो. भिंत दाखवली तर त्याला कामच नाही. मी महिनाभर करून बघतेय. भिंतीसमोर तो गार राहतो. शेवटी मोजकी माणसं उरली की मी वळणार.

वरुण : आणि तोपर्यंत कोणी दारातून आलं तर?

गुड्डी : पायांचा आवाज येतो ना. डोळे भिंतीवर, कान दारावर.

वरुण : हे असलं कोणी खेळत नाही. ही भित्र्यासारखी लपवालपवी आहे.

गुड्डी : तुझ्या डोक्यावर स्लॅब आहे, माझ्या डोक्यावर पत्रा. तू पळून घे, मी पडून राहते. जिवंत कोण आहे?

चिमाबाई : बोलली बघ. हे असं नेमकं मला जमायला पाहिजे होतं सुपरवायझरसमोर.

गुड्डी : आई, पुठ्ठा. हात थांबला तुझा.

चिमाबाई : घालते ना. आठवड्याची एक सुट्टी, त्यात वारा घालायची ड्युटी.

वरुण : किती जोड्या उरल्यात बघ. नऊ. नऊ झाल्या गुड्डी. भिंतीकडे बघून नऊमध्ये आलीस.

गुड्डी : गप्प. पाय वाजताहेत.

चिमाबाई : मीपण ऐकलं. चपला घालून आलाय.

गुड्डी : आई, श्वास घेऊ नको.

वरुण : दारात आहे. वळ, वळ आता.

गुड्डी : थांब. आत येऊ दे. तो पेट्या उघडून बघेल आधी. लोभी असतात सगळे. आता.

वरुण : घेतलास. अगं, घेतलास त्याला. एकाच मॅगझिनमधल्या गोळ्यांत.

चिमाबाई : पडला? बिचारा.

गुड्डी : बिचारा काय, मला मारायला आला होता. आई, मागे हात लाव.

चिमाबाई : कोमटच आहे.

गुड्डी : आता बाहेर निघावं लागेल. सुरक्षित जागेचा गोल खाली शेताकडे सरकलाय, बाहेर राहिलं तर तसंच मरायचं. खरं काम आता आहे. पुठ्ठा जोरात.

वरुण : पाच जोड्या. डावीकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्या आड जा. गेलीस? हां. मस्त. समोर दोघं एकमेकांवर फायर करताहेत, तू मध्ये पडू नकोस.

गुड्डी : नाही पडत. भांडू दे.

चिमाबाई : तो हिरव्या कपड्यातला गवतात सरपटतोय, तो तुझा की त्यांचा?

गुड्डी : कुठं?

चिमाबाई : इथं. माझ्या बोटाजवळ.

वरुण : बोट स्क्रीनवर ठेवू नका काकू. आहे गुड्डी, खरंच आहे. काकू बरोबर आहेत.

गुड्डी : दिसला. घेतला. आई, तू बोलत राहा.

वरुण : हो काकू, बोला तुम्ही. चार. चार जोड्या. अजून एक गेली पाहिजे, बस.

गुड्डी : समोरचा बघ, कसा धक्के खात चालतोय. एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागी. त्याचाही फोन तापलाय बहुतेक.

वरुण : तो सुरुवातीपासून धावतोय. मघाशी गावात मला मारणारा हाच. घे त्याला, गुड्डी.

गुड्डी : घेतेय. थांब. वळतोय तो, पण त्याला वळता येत नाहीये. मला माहितीये कसं वाटतंय त्याला. गेला.

वरुण : तीन. वरच्या तिघांत आलो. गुड्डी, आपण फायनलला. बाबा, आम्ही फायनलला. अगं, आता काहीही होऊ दे.

चिमाबाई : जिंकली का?

गुड्डी : अजून दोन जोड्या आहेत. पुठ्ठा थांबवू नको. कोणीतरी धूर सोडला. सगळीकडे धूर. हा फोन मरतो धुरात.

चिमाबाई : आता तापला ग. तव्यासारखा झाला मागून.

गुड्डी : स्क्रीन अंधारी झाली. माहिती होतं. वरुण, मला अर्धंच दिसतंय, तू सांग.

वरुण : उजवीकडून एक. त्याला दुसऱ्या जोडीनेच घेतलं. दोन उरल्या, गुड्डी. आता समोर, झाडामागे, डोकं काढलंय.

गुड्डी : दाबलं मी. गोळी निघत नाही. दाबलं ना. निघाली. उशिरा निघाली.

वरुण : गेलीस. दुसरे. दुसरे आलो यार.

चिमाबाई : दुसरं म्हणजे वरच्या तिघांत ना?

गुड्डी : हो आई.

चिमाबाई : मग तोंड का असं करते?

गुड्डी : ती शेवटची गोळी माझी होती. मी वेळेत दाबलं होतं.

वरुण : गुड्डी, भारी खेळलीस. सिरियसली. पण बघ ना, शेवटी फोन अडकलाच. ते मी आधी बोललो होतो. फायनलला रिस्क नको. स्वप्नील खेळेल, तू त्याच्या मागे बसून त्याला सांग. तुझं डोकं, त्याचा फोन.

चिमाबाई : काय म्हणतोय हा?

गुड्डी : थांब आई. वरुण, फायनल कुठं आहे?

वरुण : हॉलमध्ये. सांगितलं ना.

गुड्डी : हॉलमध्ये एसी आहे?

वरुण : असणारच.

गुड्डी : मग तिथं सगळ्यांना सारखीच गार हवा. स्वप्नीलला, तुला, मला. आज ती नव्हती, तरी मी दुसरी आले. तू एसीत बसून पहिल्या पाच मिनिटांत मेलास. मी म्हटलं का, तुला काढून टाकते?

वरुण : पर्सनल घेऊ नकोस.

गुड्डी : पर्सनलच आहे. फायनल मी मिळवली. मागे बसून सांगायला मी काय त्याची ताई आहे? स्पर्धावाल्यांना माझं नाव पाठव, नाहीतर मी स्वतः त्यांना फोन करून सांगते, आजची मॅच कुणी खेळली ते. लाइव्ह होती, हजारोंनी बघितली म्हणतोस ना.

वरुण : अगं, मी फक्त म्हटलं.

गुड्डी : म्हणू नको. पाठव.

वरुण : ठीक आहे. पाठवतो. तुझंच पाठवतो.

गुड्डी : आता पाठव. मी लाइनवर आहे.

वरुण : पाठवलं. बघ, आलं तुझ्याकडे. वरुण आणि गुड्डी. झालं?

गुड्डी : झालं.

वरुण : काकू, थँक्यू. तो हिरव्या कपड्यातला.

चिमाबाई : ये कधी घरी. ताक पाजते.

गुड्डी : ठेवला त्याने. आई, मॅच संपली. पुठ्ठा ठेव आता, फोन बंद केलाय.

चिमाबाई : फोनला नाही घालत आता.